पाण्यावर पडून

आपली आई बुडाली आहे असं डॉक्टरला वाटलं तेव्हा तो बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरला होता. 

तळ्याच्या मधल्या भागात ती उताणी पडली होती. हात दोन्हीकडे पसरलेले, पांढरे केस पाण्यावर सुटे झालेले, चेहरा आभाळाकडे. अजिबात हालचाल नाही. सकाळचं धुकं अजून पाण्यावरून पुरतं उठलं नव्हतं, त्यामुळे ती पाण्यात आहे की धुक्यात हेही नीट कळत नव्हतं. तो आणखी चार पावलं आत गेला, त्याच्या चालण्याने उठलेल्या लाटा हळूहळू तिच्यापर्यंत पोचल्या, आणि तिने डोळे उघडले. मान वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं. दाराशी उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं.

"बूट तरी काढायचेस," ती म्हणाली. "तळाशी चिखल आहे."

मग ती सावकाश हात मारत काठाकडे आली. घाई नव्हती. तिचं नाक उन्हाने सोललं होतं. डॉक्टरला आठवेना की याआधी आपण आईचे उघडे खांदे कधी पाहिले होते.

खरं तर तो तिची समजूत घालायला आला होता. सरांनी, म्हणजे त्याच्या काकांनी, आठवड्यात तीनदा फोन करून त्याला कबूल करून घेतलं होतं. "तुझी आई बिघडली आहे," सर म्हणाले होते, एखाद्या घड्याळाबद्दल बोलावं तसं. तो दातांचा डॉक्टर आहे हे सर नेहमीच सोयीस्करपणे विसरत. चार माणसांत त्याची ओळख करून देताना ते 'दातांचा' हा शब्द गिळून टाकत आणि पुढचा तेवढा खणखणीत उच्चारत.

काय बिघडलं होतं? उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई शाळेतून निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात सगळ्यांची भाषणं झाली, शेवटी ती उठली आणि "आभारी आहे" म्हणून खाली बसली. तिथपर्यंत ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी तिने सरांना सांगितलं की घरच्या वर्गावरही ती आता येणार नाही. सरांना वाटलं, थकली आहे, महिनाभर विश्रांती घेईल. महिना उलटला, उन्हाळा सरत आला. बाईंनी खडू काही हातात धरला नाही.

तिला सगळे बाईच म्हणत. वर्ग आणि घर एकाच छताखाली. मुलांनी खाली 'बाई' म्हणायचं आणि वर 'आई' म्हणायचं असा नियम होता, पण जिना चढता चढता मुलांची जीभ घसरायची, आणि एकदा घसरली ती घसरलीच. आजोबांनी तळमजल्यावर हा वर्ग काढला तो नापास मुलांसाठी. शाळेने ज्यांची आशा सोडली ती पोरं संध्याकाळी इथे यायची. पुढे थोरले, म्हणजे सर, व्याकरण शिकवू लागले, धाकटे भूगोल, आणि धाकट्यांशी लग्न करून आलेल्या बाई गणित. गावातला बेकरीवाला, पोस्टमन, पुलावरचा पहारेकरी, सगळे या बाकांवरून उठून गेलेले. आमच्या घराण्यात माणूस जातो, निवृत्त होत नाही, असं सर अभिमानाने म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. धाकटे तर वर्गातच, नकाशा गुंडाळता गुंडाळता गेले होते.

आता सरांच्या पायांनी दगा दिला होता. सुजलेले पाय घेऊन उभं राहायचं नाही असं वैद्यकीय फर्मान निघालं होतं. खुर्चीत बसून शिकवून पाहिलं, पण बसून शिकवणं म्हणजे झोपून जेवणं, त्यांना ते जमेना. म्हणून आज रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. बोलावण्यात वर्गाचा शब्दही नव्हता, पण कशाला बोलावलंय ते पोराटोरांनाही कळलं असतं.

काठावर कपडे बदलायच्या लाकडी खोलीजवळ धाकटी बहीण टॉवेल घेऊन उभी होती. ती आदल्या दिवशीच आली होती. डॉक्टरच्या बुटांकडे बघून ती हसली नाही. त्याने ते लक्षात ठेवलं.

*

खोलीत ओल्या लाकडाचा वास होता. फटींतून आलेलं ऊन बाईंच्या पाठीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. धाकटी आईचे केस पुसत होती आणि बाई डोळे मिटून बसल्या होत्या. पाण्यातून बाहेर आल्यावरही बराच वेळ अंग तरंगत राहतं, हे त्यांना नव्यानेच कळलं होतं. बाकावर बसलेलो असतो, पण बाक जाणवत नाही.

एवढं सुख असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसायचं, तो गार होऊ द्यायचा आणि गारच प्यायचा. एखादं मांजर गल्लीतून निघालं तर ते कुठे जातंय ते बघायला त्याच्या मागून जायचं. कादंबरीचं एखादं पान आवडलं तर पुढे न जाता तेच पान पुन्हा वाचायचं, दुपारी खिडकी उघडी टाकून झोपायचं, उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ हे क्षणभर कळू द्यायचं नाही. आणि हे तळं. आयुष्यभर वर्गाच्या खिडकीतून दिसत होतं आणि त्यांनी त्याचा उपयोग फक्त क्षेत्रफळ काढायला केला होता. होड्या भाड्याने देणाऱ्या बाईने त्यांना पोहायला शिकवलं. पोहणं लवकर आलं. नुसतं पडून राहणं यायला वेळ लागला. काहीतरी केल्याशिवाय आपण बुडू, ही भीती हाडात बसली होती.

"बाई," धाकटी म्हणाली, "तू वर्ग घे ना."

बाईंनी डोळे उघडले नाहीत. हे डॉक्टर म्हणेल हे त्यांना माहीत होतं. सर म्हणतील हेही माहीत होतं. पण ही म्हणेल असं वाटलं नव्हतं. लहानपणापासून ही त्यांच्या बाजूची.

मग धाकटीने हळूहळू सगळं सांगितलं. टॉवेल चालूच होता, त्यामुळे तिला आईच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं. ती शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवत होती. रोज सकाळी ती घंटा होईपर्यंत शाळेच्या फाटकाबाहेरच उभी राहायची. दोन वर्षं ती सुट्टीच्या दिवशी एका सुताराच्या कारखान्यात जाऊन काम शिकत होती, आणि आता त्याने तिला कायमचं ये म्हणून सांगितलं होतं. टेबलं, कपाटं, जिन्यांचे कठडे. तिला जायचं होतं. पण बाईंनी वर्ग नाही घेतला तर सर तिच्याकडे वळणार, आणि सरांना तोंडावर नाही म्हणणं तिला या जन्मी जमणार नव्हतं. ती तशी नव्हतीच. तिला कुणी काही मागितलं की ती देऊन मोकळी व्हायची आणि मग घरी जाऊन रडायची.

"थोडी वर्षं घे," ती म्हणाली. "तोवर मी सुटेन."

बाहेर कुणीतरी होडी काठावर ओढत होतं, तिचा तळ वाळूवर घासत होता. मुलीसाठी आईने काय करायचं असतं हे त्यांना पाठ होतं. पण मनाच्या आत एक अगदी लहान, हट्टी असं काहीतरी पाय रोवून उभं होतं आणि म्हणत होतं की मी नाही जाणार, मी आत्ता कुठे आले आहे. त्याची त्यांना लाज वाटली. आणि लाज वाटली तरी ते हललं नाही.

"केस पुरे," त्या म्हणाल्या. "वाळतील आपले आपण."

*

जेवण खाली वर्गातच मांडलं होतं. वर एवढ्या माणसांना जागा नव्हती, म्हणून बाक जोडून त्यांवर चादर अंथरली होती. फळा पुसलेला होता, तरी नीट पाहिलं तर कालचं कर्तरी-कर्मणी त्यावर अंधूक दिसत होतं.

सर पहिल्यांदा हवापाण्यावर बोलले, मग आजोबांवर. आजोबांनी पहिला फळा स्वतःच्या हाताने कसा रंगवला ते त्यांनी सांगितलं. ते सगळ्यांना पाठ होतं, पण सर सांगत तेव्हा ऐकत राहावंसं वाटे, हा त्यांचा गुण होता. शेवटी त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाई, मी तुमच्याकडे काही मागत नाही," ते म्हणाले. "मी सोपवतो आहे."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. डॉक्टरला वाटलं आता आपण बोललं पाहिजे, त्यासाठीच बोलावलंय. गाडीत त्याने चांगलं वाक्य जुळवलं होतं, पण आता त्याला सारखं ते पाण्यावर पडलेलं शरीर दिसत होतं. काठावर पोचल्यावर ती किती शांत दिसत होती, त्याच्या दवाखान्यात कधी कुणी इतकं शांत दिसत नाही. त्याने मधला मार्ग काढला: आठवड्यातून दोनच संध्याकाळी, फक्त गणित.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "तू अर्धा दात काढतोस का?"

धाकटी ताटाकडे बघत हसली आणि लगेच हसायची थांबली, कारण सरांनी मान तिच्याकडे वळवली होती. ठीक आहे, ते म्हणाले, बाईंची इच्छा नसेल तर जबरदस्ती नाही. घरात शिकलेली माणसं आहेत. धाकटी आहेच की. शहरात परक्यांच्या शाळेत राबते, त्यापेक्षा आपल्या घरात येईल. ते हे प्रेमाने बोलत होते. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण पोरीला काहीतरी देतो आहोत.

धाकटीने तोंड उघडलं. ती हो म्हणणार हे बाईंना दिसलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मी घेणार नाही, भावोजी, आणि तिच्याही गळ्यात पडू देणार नाही. वर्ग बंद करा."

बंद हा शब्द त्या खोलीत आजवर फक्त खिडक्यांच्या बाबतीत वापरला गेला होता.

"धाकटा असता तर?" सरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता.

"ते असते तर त्यांनी घेतला असता," बाई म्हणाल्या. "आणि मी तळ्यावर गेले असते."

सरांनी मग दाराकडे पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, हातात पावाची टोपली. सरांची बायको. इथे तरी आधार मिळेल अशी सरांची खात्री होती, आणि तिला कारण होतं. दोघी जावांचं सख्य विळ्याभोपळ्याएवढं. एकीने खाली शिकवायचं आणि दुसरीने वर रांधायचं अशी वाटणी कधी कुणी केली नव्हती, पण झाली होती. लांबच्या गावाहून येणारी पोरं रात्री राहायची, त्यांची जेवणं, त्यांची अंथरुणं, फळ्याची फडकी, तिन्हीसांजेची घंटा, हे सगळं काकूंचं. बाईंना येता-जाता सगळे नमस्कार करायचे. काकूंना यायचं ते 'काकू, भूक लागली' एवढंच.

या उन्हाळ्यात काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बाईंना ओल्या केसांनी परत येताना पाहिलं होतं. थेरं, असं त्या मनात म्हणायच्या. या वयात थेरं. आणि मग बाई फाटकाआड जाईपर्यंत हातातलं काम टाकून बघत राहायच्या. एकदा तर त्या बघण्यात दूध उतू गेलं होतं.

आता नवरा आपल्याकडे बघतो आहे आणि आपण काय म्हणायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. म्हणायला त्यांनी टोपली खाली ठेवली. पण निघालं ते दुसरंच.

"होऊ दे बंद," त्या म्हणाल्या.

"तू?" सर म्हणाले.

"तुम्हाला वर्ग बंद पडायची भीती वाटते. मला तो चालू राहायची वाटते."

स्वतःच्याच बोलण्याने त्या घाबरल्या. पण आता निघालं होतं तर त्यांनी पुरतं बोलून टाकलं, फार हळू, जणू कुणाला उठवायचं नव्हतं. तुमचे पाय सुजले ते सगळ्यांना दिसले, त्या म्हणाल्या. बाईंना शाळेने हार घातला. मी किती वर्षं घंटा वाजवते आहे आणि माझी सुट्टी व्हायची घंटा कुणी वाजवायची, हे मला कुणी सांगत नाही.

बाई जावेकडे बघत राहिल्या. एवढी वर्षं एका जिन्याने चढ-उतर केली आणि हे आपल्याला एकदाही सुचलं नाही. त्या उठल्या, आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली, आणि काकू पहिल्यांदा बसल्या. त्यांनी वाढून घेतलं नाही, ते डॉक्टरने वाढलं.

सर मात्र उठले. रागावून नाही. ताट सरकवलं, रुमालाने हात पुसले आणि जिन्याकडे गेले.

*

जिना त्यांना आता एका दमात चढवत नव्हता. मध्यावर ते थांबले, कठडा धरून. मागून पावलं आली. त्यांनी ओळखलं, लहानपणी ही पायऱ्या मोजत चढायची.

धाकटी दोन पायऱ्या खाली उभी राहिली आणि तिने त्यांना सांगितलं. आईने माझ्यावरचं स्वतःवर घेतलं, ती म्हणाली, ते बरोबर नाही. मग शाळा सोडायची असल्याचं, सुतारकामाचं, सगळं. सांगताना ती मध्ये थांबली नाही.

सर पायरीवरच बसले. खालून ताटवाट्यांचा आवाज येत होता. लाकडं तासणार का, असं मनाला लागेलसं काहीतरी त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्यांनी आयुष्यभर नापास पोरं पाहिली होती. ही पोरगी कुठल्याच विषयात कधी नापास झाली नव्हती, म्हणून तिच्याकडे नीट पाहायचं राहूनच गेलं होतं.

"तुला शिकवायला आवडत नाही?" त्यांनी विचारलं.

"कधीच नाही आवडलं, काका."

सर जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते. तिथून तळ्याचा एक चमकता तुकडा दिसत होता.

"मला फार आवडायचं गं," ते म्हणाले.

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. पायरी अरुंद होती, दोघांना जेमतेम पुरली. ते 'चल खाली' म्हणेपर्यंत ती उठली नाही.

*

परीक्षा होईपर्यंत सरांनी काठी टेकत वर्ग चालवला. बाईंनी त्यातही भाग घेतला नाही, आणि त्याबद्दल गावात जे बोलायचं ते बोललं गेलं. बेकरीवाल्याने तर तोंडावर विचारलं. बाईंनी त्याला सांगितलं की तुला अपूर्णांक आले, माझं काम झालं. शेवटच्या तुकडीतली सगळी पोरं पास झाली नाहीत. तिघं राहिली. सरांनी त्यांना दुपारी वर बोलावून, पाय उशीवर ठेवून, आरामखुर्चीत पडल्या पडल्या शिकवलं, आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की झोपून जेवणं अगदीच अशक्य नसतं. ती तिघं सुटल्यावर मात्र कुणी आलं नाही. बाक दुसऱ्या शाळेने नेले. धाकटी शहरात परतली, ती कारखान्यात. तिचे फोन आता आठवड्यातून एकदाच येत आणि लांबलचक असत.

सर बाईंशी बोलेनात. भांडण नव्हतं, समोर आल्या तर मान हलवायचे. सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसायचे, त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी, पूर्वी जेव्हा घंटा व्हायची त्या सुमारास, उगाच उठून खोलीत फेऱ्या घालायचे. काकूंना ते बघवत नसे. पण त्यांना घंटा वाजवावी असंही वाटत नसे.

उन्हं मवाळ झाली होती तेव्हा एका सकाळी काकू बाईंच्या दाराशी आल्या. काखेत टॉवेल, बाजाराला निघाल्यासारखा चेहरा. आपल्याला पाण्यातलं काही कळत नाही, त्या म्हणाल्या, आणि पोहण्याचा पोशाखही नाही; जुना झगा चालेल का?

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण मी काही शिकवणार नाही हं, वहिनी. तुम्ही नुसत्या पडा. मी हात देते."

तळ्यावर कुणी नव्हतं. पाणी वरवर कोमट होतं आणि खाली गार. काकू छातीइतक्या पाण्यापर्यंत गेल्या तेव्हा झगा फुगून त्यांच्याभोवती वर आला, आणि दोघी हसल्या, एकाच वेळी, पहिल्यांदाच. मग बाईंनी त्यांच्या पाठीखाली तळवा धरला. मान सैल सोडा, आणखी सोडा, डोकं पाण्याला देऊन टाका. काकूंनी दिलं.

कान पाण्याखाली गेले आणि सगळं थांबलं.

एवढी शांतता जगात असते हे त्यांना माहीत नव्हतं. भांडी नाहीत, नळ नाही, जिन्यावरची पावलं नाहीत. स्वतःचा श्वास मात्र ऐकू येत होता, संथ, मोठा, कुणा दुसऱ्याच माणसाचा असावा तसा. वर आभाळ होतं, आणि ते खूपच जवळ होतं. एक ढग चालला होता आणि त्याला कुठेही पोचायचं नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. त्यांनी किंचित मान वळवली तर काठावर सर दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. त्यांचे ओठ हलत होते, एक हात वर-खाली होत होता, फळ्यापाशी उभे असताना व्हायचा तसा. काहीतरी विचारत होते. किल्ली कुठे ठेवली असेल, किंवा जेवायला काय, किंवा एवढं लांब कशाला गेलीस. काहीही असेल. काकूंना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

भिंतीपलीकडून, जिन्याखालून, पडद्याआडून आयुष्यभर त्यांनी हा आवाज ऐकला होता. तो काय म्हणतो इकडेच सगळं लक्ष असायचं. आज पहिल्यांदाच नुसता चेहरा समोर होता, आवाजाशिवाय. त्या निवांत बघत राहिल्या. किती म्हातारे झालेत हे, त्यांच्या मनात आलं, आणि अजून किती देखणे आहेत.

काठावर सरांचे ओठ हलायचे थांबले. हात खाली आला. काठीवर दोन्ही तळवे ठेवून तेही मग नुसते बघत उभे राहिले.